रोह्याच्या रानात टर्कीची शिकवणी

रायगड जिल्ह्यात टर्की नसते हे मला ठाऊक होतं. तरीही टर्कीच्या शिकारीचे पहिले धडे घ्यायला मी पेण-रोह्याला जाऊन आले. ज्यांना हसू येतंय त्यांनी आधी हसून घ्यावं, मी थांबते. साताऱ्यात आमच्या गल्लीचं हसून झालेलं आहे.

त्याचं असं झालं. माझा मुलगा मंदार अमेरिकेत मिसुरीला असतो. गेल्या वर्षी त्यानं तिथल्याच एमीशी लग्न केलं. एमीचे वडील वॉल्टर, म्हणजे माझे व्याही. आपल्याकडे व्याह्यांचा मान म्हणजे शेला, टोपी, पंगतीत आग्रहाची जिलबी. त्यांच्याकडचा मान निराळा निघाला. तिथं वसंतात रानटी टर्कीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. टर्की म्हणजे आपल्या कोंबडीची आडदांड थोरली जाऊ समजा. हंगामाच्या पहिल्या पहाटे वॉल्टर एका झाडाला टेकून बसतात, मादीचा आवाज काढतात आणि तिचा नर चालत बंदुकीच्या टप्प्यात येतो. आयुष्यभर त्यांच्यासोबत त्यांची बायको मेरी बसायची. ती वारली. त्यानंतरच्या वसंतात वॉल्टर रानात गेलेच नाहीत.

यंदा एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा तिकडं जाणार हे ठरलं, तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला काहीतरी विचारलं. त्यांचा चेहरा इतका गंभीर होता, की मी आधी "येस, येस" म्हणाले आणि मग मंदारला विचारलं, "काय म्हणतायत रे?"

"मेरीच्या जागी बसायला याल का म्हणतायत. बंदूक ते चालवतील. तू फक्त बसायचं, गप्प."

त्या "गप्प" शब्दाला मंदार स्वतःच हसला. नंतर एकटा असताना त्यानं पुन्हा फोन केला. "आई, हो म्हणालीस ते बरं झालं. तू गेलीस तरच ते जाणार आहेत. नाहीतर सगळं सामान विकून टाकायचं म्हणत होते. एमी रडली ऐकून."

आता माझी ओळख सांगायला हवी. मी एसटीत आधी कंडक्टर होते, मग सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक. म्हणजे कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगणारी ती बाई. मला पगार बोलण्याचा मिळायचा. आमचे हे ड्रायव्हर होते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण हयात असताना म्हणायचे, "शालन, तू झोपेत तरी मुक्कामाला थांबत जा." त्यांना झोपेतही माझ्या घोषणा ऐकू यायच्या. अशा बाईनं एक अख्खी पहाट रानात न बोलता बसायचं, आणि चुकून शिंकली तरी एका माणसाचा मोडलेला हंगाम पुन्हा मोडणार. मला धडकीच भरली. शिवाय माझं इंग्रजी वॉल्टरना समजत नाही हा माझा पक्का समज होता. मी काही बोलले की ते कपाळाला आठ्या घालून "व्हॉट?" म्हणायचे आणि एमी माझंच वाक्य त्यांना मोठ्यानं पुन्हा सांगायची.

पेणला माझी मावसबहीण विजू असते. तिथल्याच शाळेत शिक्षिका. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "रोह्याच्या वरच्या अंगाला एक पांडूतात्या आहेत. रानकोंबड्याला बोलावतात. आमच्या शाळेची सहल नेली होती. तू ये तर खरी."

रामवाडी

विजूचं घर रामवाडीत, हायवेला लागूनच. माघी गणपती होऊन गेले होते आणि हवेत अजून थोडा गारवा होता. कोकणातल्या लोकांना तो गारवा थंडी वाटतो. विजूनं कानटोपी घातली होती. महाबळेश्वरच्या पायथ्याची मी, नुसत्या साडीवर.

दुसऱ्या दिवशी ती मला हमरापूरला घेऊन गेली. माघी झाली की तिथं भाद्रपदाची घाई सुरू. घराघरांच्या ओट्यावर, पडवीत, ताडपत्रीखाली पांढरेफटक गणपती रांगेनं उभे. रंग नाही, डोळे नाहीत. विजूच्या ओळखीची एक बाई एका तयार मूर्तीचे डोळे काढत होती. त्याला तिथं आखणी म्हणतात. बारीक कुंचला, डावा हात उजव्या मनगटाखाली, आणि श्वास धरलेला.

मी विचारलं, "पहिल्यांदा कुठला डोळा काढता हो?"

तिनं कुंचला उचलला, श्वास सोडला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, तुम्ही बोला काय ते. पन प्रश्न विचारू नका. प्रश्न आला का माझा जीव उत्तराकडं जातो नि हात हालतो."

मी तोंडावर पदर धरून बसले. विजू माझ्याकडं बघत होती. पाच मिनिटं झाली असतील नसतील, मी म्हणाले, "रंग कुठून आणता?"

विजूनं मला दंडाला धरून बाहेर आणलं. "तू अमेरिकेला जाऊ नकोस," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. आमच्याकडची ज्वारीची भाकरी चावावी लागते, ही तांदळाची नुसतीच गळ्याखाली उतरते, त्यामुळं किती खाल्ल्या याचा पत्ता लागत नाही. जेवताना मात्र मी कमी बोलले. हमरापूरचं ते मनाला लागलं होतं.

रोह्याच्या वरच्या अंगाला

पेणहून रोह्याला एसटीनं गेले. माझ्या खात्याची गाडी सोडून मी रेल्वेत बसणार नाही, हा माझा हेका आहे. कंडक्टर मुलगी होती. तिला सांगितलं मी कोण, तर तिनं मला पुढच्या सीटवर बसवलं आणि रोह्यापर्यंत आम्ही दोघींनी डेपो मॅनेजर या जातीवर चर्चा केली.

रोह्याला कुंडलिका नदी ओलांडली, मग कंपन्यांच्या चिमण्या मागं पडल्या आणि रिक्षा डोंगराकडं वळली. भात कापून झालेलं होतं. त्याच खाचरांत आता वाल उभा होता, गुडघ्याएवढा, शेंगांनी लगडलेला. आमच्याकडं पीक काढलं की रान मोकळं पडतं. इथं भाताच्या मुळांखालची ओल वाया जाऊ देत नाहीत.

पांडूतात्या दारातच उभे होते. सत्तरी ओलांडलेला, काटक माणूस, अंगात मातीच्या रंगाचा सदरा. मी वाकून नमस्कार करते तोवर त्यांनी सुरुवात केली.

"या! अमेरिकेला शिकारीला जानार त्या तुमीच ना? काय घाबरू नका. रानकोंबडा काय नि तुमची ती टरकी काय, बाप्याची जात सगळीकडं सारखी. बाईचा आवाज आला का निघाला. मी बोलवला तर मुंबईचा मंत्रीपन येल डोंगरावरना."

"मंत्री नाय आला कदी," आतून आवाज आला. "येकदा तलाठी आलेला." त्या सुंदराकाकी, तात्यांच्या पत्नी. ठेंगण्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या, आणि हसताना डोळे पूर्ण मिटणाऱ्या.

मी लागलीच विचारलं, की इथं शिकार चालते का. तात्या गंभीर झाले. "नाय. पूर्वी मारल्यात, खोटं कशाला बोलू. आमच्या बापानं फासे लावायला शिकवलं. पन आता कायदा हाय, नि रानात कोंबडे तरी किती ऱ्हायलेत? आता नुसता बोलवायचा. यावा, बघावा, जावा. पोटात गेल्यावर येकदाच गोड लागतो, बघितला तर दरसाल."

संध्याकाळी त्यांनी मला डोंगराच्या पायथ्याशी नेलं. शिकवणीचा पहिला धडा, म्हणाले, आदल्या सांजेचा असतो. कोंबडा झोपायला कुठल्या झाडावर चढतो ते बघून ठेवायचं. पहाटे तो तिथंच उतरतो. मी फोन काढून मंदारनं पाठवलेल्या सूचना वाचल्या. वॉल्टरचा पहिला धडा तोच होता. सातासमुद्रांपलीकडच्या दोन म्हाताऱ्यांचं न भेटता एकमत झालेलं पाहून मला फार मजा वाटली.

"आनि लाल घालू नका," तात्या माझ्या शालीकडं बघून म्हणाले. "त्याला वाटतं दुसरा कोंबडा आला नि भांडायला येतो, नायतर पळतो."

वॉल्टरच्या यादीतही तेच होतं. लाल नको.

परत आलो तर अंगणात पोपटीची तयारी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, मधेच अंडी, बटाटे, मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली गावठी कोंबडी. तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि चहूबाजूंनी पेंढा-काटक्या पेटवून द्यायच्या. पाण्याचा एक थेंबही न घालता आतलं सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि चुर्र झालं, की सुंदराकाकी म्हणाल्या, "झाली गो."

शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात, साल हातात. भांबुर्ड्याचा उग्र वास, ओव्याची ठसक, धुराची चव. मी किती खाल्ल्या विचारू नका. पाहुणीनं हात आखडता घेतला की काकी माझ्यासमोर नवा ढीग ओतायच्या. आग्रहाच्या बाबतीत कोकणातली माणसं हात राखून असतात असं आमच्याकडं म्हणतात. म्हणणाऱ्यांना पोपटीला बोलवायला हवं.

पहिली पहाट

अजून दिशा उजळल्या नव्हत्या तेव्हा आम्ही तिघं रानात शिरलो. तात्यांनी एका जाड ऐनाच्या झाडाला पाठ टेकली, थोडी तिरकी, डावी बाजू मोकळी राहील अशी. आपल्या पाठीपेक्षा झाड रुंद हवं, हा दुसरा धडा. काकी त्यांच्या मागं डाव्या अंगाला बसल्या, आणि मला त्यांच्याजवळ एका बुंध्याशी बसवलं. मला वाटलं, काकी हौसेनं आल्यात.

रान जागं होताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ऐकायला वेळच नव्हता, मी बोलत असायचे. लांब रोह्याच्या बाजूला कंपनीचा भोंगा वाजला, आणि तो संपतो न संपतो तोच वरच्या झाडीतून उत्तर आलं, "कुक्! कायाऽ-कायाऽ-काक्!" गावठी कोंबड्यासारखं लांबलचक नाही. तुटक, चिडक्या हवालदारासारखं. वॉल्टरच्या सूचनांत हेही होतं, की घुबड घुमलं किंवा कसलाही दणका झाला की टर्कीचा नर न राहवून ओरडतो. बाप्याची जात, तात्या म्हणाले ते उगाच नव्हतं.

तात्यांनी बोटांनी सुकी पानं उकरायला सुरुवात केली. खर्र, खर्र, मग थांबणं. कोंबडी पायानं पाला उकरते आणि मान खाली घालून बघते, अगदी तसं. मग हाताची ओंजळ तोंडाशी नेऊन एक हलका आवाज काढला. पुन्हा पानं. कोंबडा आता खाली उतरला असावा, कारण आवाज जवळ आला. मी गप्प बसले होते! मी, शालन, साताऱ्याची, आणि माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नव्हतं.

आणि तेवढ्यात माझं पोट बोललं.

वालाच्या शेंगा रात्रभर पोटात काय करतात हे कोकणात सगळ्यांना माहीत असतं. तरीही पहाटे रानात जायचं असताना आदल्या रात्री पोपटी करण्याची चूक तेच करतात. गुडगुडगुड असा जो आवाज सुरू झाला तो थांबेचना, चढावर पहिल्या गिअरमध्ये एसटी चालावी तसा. मी पोट दाबून धरलं. काकींचे डोळे मिटले. त्यांचे खांदे हलायला लागले, मग माझे, आणि शेवटी दोघींच्या तोंडातून एकदमच हसू फुटलं. आमच्या पाठीमागच्या झुडपातून फडफडफड करत कोंबडा उडाला आणि मागच्या मागं पलीकडच्या ओढ्यात गेला. केवढा तो पंखांचा आवाज!

तात्या मात्र पानं उकरतच होते. त्यांनी ओंजळ तोंडाशी नेऊन गेलेल्या कोंबड्याला पुन्हा बोलावलं. वाट बघितली. पुन्हा बोलावलं. मग आमच्या हलण्यानं काहीतरी जाणवलं असावं, वळून दबक्या आवाजात म्हणाले, "गप ऱ्हावा! येतोय तो."

काकींचं हसू तिथंच विझलं. त्यांनी आपला तळवा हळूच तात्यांच्या पाठीवर सपाट ठेवला. तात्यांनी आधी काकींकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग उठले, चड्डीला लागलेली पानं झटकली आणि पुढं चालायला लागले. आदल्या दिवशी मंत्र्याला बोलावणारा तो माणूस घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. मला इतकं वाईट वाटलं, की मीही बोलले नाही.

दुपारी काकींबरोबर वालाच्या शेंगा तोडायला गेले. त्यांनीच विषय काढला.

"बारीक आवाज त्याला येत नाय गो. धाकट्याचं लगीन झालं त्या टायमापासना. मानसाचं बोलनं समजतं, व्हट बघून. पन कोंबडा लांबना बोलला का नाय समजत. बोलवत बसायचा आपला. मग मीच जायाला लागले. पाठीवर बोट लावलं का त्यानं समजायचं, बोलला. दोनदा लावलं का निघाला. हात पसरला का गेला."

"आणि तात्या मान्य करतात?"

"बाप्या कदी मान्य करतो? लोकांना सांगतो, बायको घाबरते म्हनून माझ्या पाठीला हात लावून बसते." त्यांचे डोळे पुन्हा मिटले. "मी बोलते, व्हय, घाबरते."

मी शेंगा तोडायची थांबले. एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला. ही भाषा मला येत होती! आमच्या ह्यांच्या गाडीवर माझी ड्यूटी लागली, की दिवसभर आमचं बोलणं याच भाषेत व्हायचं. ते पुढं केबिनमध्ये, मी मागं गर्दीत, मधे घंटीची दोरी. एक घंटी, गाडी थांबली. डबल बेल, निघाली. आयुष्यभर बडबड केली, पण त्या माणसानं माझं जे ऐकलं ते घंटीच. शेताच्या बांधावर उभ्या उभ्या मला त्यांची इतकी आठवण आली, की डोळ्यांना पदर लावावा लागला. काकींनी माझ्या ओटीतल्या शेंगा आपल्या ओटीत घेतल्या.

मी त्यांना घंटीचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग उद्या तूच बस त्याच्या पाठी."

दुसरी पहाट

तात्यांनी कुरकुर केली. "नवीन मानूस पाठीला कशाला?"

"माझं गुडगं दुखतात," काकी म्हणाल्या. आदल्या दिवशी त्याच गुडघ्यांनी त्या माझ्यापुढं डोंगर चढल्या होत्या. त्या दिवशी रात्री आम्ही फक्त पेज घेतली होती, हे सांगायला नको.

तेच ऐनाचं झाड नव्हे, ओढ्यापलीकडचं दुसरं. कालच्या कोंबड्याला काल फसवलं, आज पुन्हा त्याच जागी बसलं तर तो येत नाही, असं तात्या म्हणाले. मी त्यांच्या मागं डाव्या अंगाला बसले आणि उजव्या हाताचं बोट त्यांच्या पाठीपासून जरासं लांब धरून ठेवलं. परक्या पुरुषाच्या पाठीला बोट लावायचं म्हणजे आधी संकोच वाटला. मग मनाशी म्हणाले, शालन, ही दोरी आहे.

भोंगा वाजला. उत्तर आलं नाही. तात्यांनी पानं उकरली. मी ऐकत होते. गप्प बसणं आणि ऐकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मला तिथं कळलं. काल मी गप्प बसले होते, म्हणजे तोंड दाबून स्वतःशीच बोलत होते. आता मला स्वतःशी बोलायला सवडच नव्हती. पानावर दव पडल्याचा आवाज, ओढ्याचा, लांब एका बकरीचा, आणि मग या सगळ्याच्या मागं, फार लांब, एक "कुक्".

मी बोट टेकवलं. एकदा.

तात्यांचे हात जागच्या जागी थांबले. नंतर आम्ही नुसते बसलो. जास्त बोलवायचं नाही, हा सगळ्यांत अवघड धडा. एकदा त्याला कळलं की कोंबडी इथं आहे, मग त्याची त्याला वाट बघू द्यायची. किती वेळ गेला कुणास ठाऊक, माझ्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर डास बसला. मग डावीकडं उताराला पानांत पाय वाजले. थांबले. पुन्हा वाजले.

डबल बेल.

बोट दुसऱ्यांदा टेकलं तसं तात्यांनी नुसते डोळे डावीकडं फिरवले, मान नाही. आणि तो आला. मी चित्रात पाहिला होता, पण चित्रात तो असा चालत येत नाही. राखाडी अंग, मानेवर पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची झूल, लालभडक तुरा आणि शेपटीची काळी पिसं, उन्हाची तिरीप लागली तशी निळी-जांभळी झालेली. एक पाय उचलून तो उभा राहिला. न दिसलेल्या कोंबडीला शोधत होता बिचारा. मग मान ताणून ओरडला, आमच्या इतका जवळ, की माझ्या छातीत वाजलं. ओरडून झाल्यावर शेवटी एकदम हळू, घशातल्या घशात, "क्युकुन" असं काहीतरी म्हणाला आणि पाय झाडत झाडीत निघून गेला.

तो गेल्यावरही तात्या बराच वेळ उठले नाहीत. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, वरडल्यावर शेवटी काय बोलला का?"

"बोलला ना."

"कसा?"

माझा आवाज फलाटाचा. तरी मी जमेल तितका बारीक करून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ते "क्युकुन, क्युकुन" करून दाखवलं. तात्या हसले. मग डोळे पुसले, उघडपणे, लपवलं नाही.

"तो शेवटचा आवाज लय वर्षांत नाय ऐकला मी," ते म्हणाले. "सुंदरीला ईचारलं तर ती बोलते, मला नाय जमत काढायला. बरा काढलात तुमी."

पुन्हा रामवाडी

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. या वेळी कंडक्टर पुरुष होता, त्यामुळं गप्पा नव्हत्या. एका थांब्यावर त्यानं डबल बेल दिली आणि मला एकदम वॉल्टरचा चेहरा दिसला. त्या कपाळाच्या आठ्या, कान पुढं करणं, ते "व्हॉट?" आणि एमीचं माझंच वाक्य पुन्हा, मोठ्यानं सांगणं. मी म्हणत होते माझं इंग्रजी वाईट. ते वाईट आहेच, पण तेवढ्यासाठी कुणी स्वतःच्या मुलीला प्रत्येक वाक्य दोनदा सांगायला लावत नाही.

विजूच्या जेवणाच्या टेबलावर फोन उभा केला. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. मंदार, एमी आणि मधे वॉल्टर, समोर कॉफी.

"मंदार, त्यांना विचार, मेरी त्यांच्या कुठं बसायची? शेजारी का मागं?"

"आई, आता हे काय?"

"विचार रे तू."

त्यानं विचारलं. वॉल्टर जे बोलले ते मंदारनं सांगण्याआधीच मला निम्मं कळलं, कारण त्यांनी आपल्या डाव्या खांद्यावर मागून हात ठेवून दाखवला. मेरी मागं बसायची, डाव्या बाजूला. इतकी वर्षं बंदूक कानाशी वाजली, डावा कान आधी गेला, मग उजवाही गेल्यातच जमा. टर्कीनं उत्तर दिलं की मेरी त्यांचा खांदा दाबायची. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वसंतात ते रानाच्या कडेपर्यंत गाडी घेऊन गेले होते आणि तसेच परत आले. एकट्यानं बसून काय करणार, बोलावलं तरी उत्तर आलं की नाही कळणार कसं?

एमी त्यांच्याकडं बघत होती. "डॅड, मला वाटायचं आई तुम्हाला सोबत म्हणून जायची," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मी मंदारला म्हणाले, "त्यांना सांग, मला गप्प बसायला अजून नीट येत नाही. पण ऐकायला येतं. शिकून आलेय." आणि मग घंटीचं सांगितलं. एक म्हणजे थांबा, बोलला. दोन म्हणजे निघाला, येतोय.

मंदार सांगत होता आणि वॉल्टर आठ्या घालून त्याच्या तोंडाकडं बघत होते. "व्हॉट?" ते म्हणाले. एमीनं पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

मी हातानं तिला थांबवलं. फोनसमोर मूठ धरली आणि त्यांना दिसेल अशी विजूच्या टेबलावर एकदा वाजवली. थांबले. मग दोनदा वाजवली.

वॉल्टर माझ्या मुठीकडं बघत राहिले. त्यांनी कप बाजूला सरकवला, स्वतःची मूठ वर केली, आणि तिकडून टेबलावर दोनदा वाजवली.